किती माणसांचा बँड?

आमच्या शेजारचे किशनमामा सगळ्या जगाची किंमत माणसांत करतात. मी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "शाळा किती मानसांची?" एवढंच विचारलं. लोह्यात त्यांचा लग्नाचा बँड आहे. मामा स्वतः ट्रम्पेट वाजवतात. एकेकाळी बावीस जणांचा असलेला बँड डीजे आल्यापासून सातांवर आलाय. दर लगीनसराईत ते याचं दुःख नव्यानं करतात.

मला कॉलेजपासून हेवी रॉकचं वेड. पुण्यात एका बँडचा कार्यक्रम होता, सोबतचा मित्र ऐनवेळी आजारी पडला. तिकीट वाया जाऊ नये म्हणून मामांना विचारलं.

"बँड बघायला पुन्याला? किती मानसांचा?"

"चार."

"चार मानसांत वरात निगत न्हाई, मास्तर. फसवून राहिलेत तुमाला."

तरी सकाळी स्टँडवर मामा हजर. अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट, खांद्याला गोंडे. बँडला जायचं तर बँडच्या कपड्यात, असा त्यांचा हिशेब.

मैदानावर जिकडे तिकडे काळे टी-शर्ट. मामांनी हळूच विचारलं, "कुनी वारलं का?" पोरांनी त्यांना कलाकार समजून फोटो काढले. मामा प्रत्येक फोटोआधी कोटाचं वरचं बटण लावायचे. गायक गुरगुरायला लागला तेव्हा म्हणाले, "घसा बसलाय बिचाऱ्याचा. तरी सुपारी घेतली म्हून आलाय."

मग अचानक त्यांनी स्टेजकडे पाठ केली. आवाज सोसेना, असं मला वाटलं. मी कानाशी ओरडलो, "मामा, बाहेर जायचं का?"

मामा गर्दीकडे बघत होते. "मास्तर, हितं नवरदेव न्हाई."

"नाही."

"समदे बँडकडंच बघून राहिलेत."

कार्यक्रम संपेपर्यंत ते तसेच उभे होते. परतीच्या एसटीत लातूर मागे पडल्यावर म्हणाले, "लग्नाच्या अल्बमात माजा नुसता कोट येतो. तोंड कंदीच न्हाई."

पंधरवड्यानं आमच्या गल्लीतून वरात निघाली, बँड मामांचाच. सगळी माणसं घोड्याभोवती. मी गच्चीवरून खाली उतरलो, नवरदेवाकडे पाठ केली आणि मामांच्या समोर उभा राहिलो. बायकोला काही सांगितलं नव्हतं, पण तीही शेजारी येऊन थांबली. मामांनी आम्हाला बघितलं. चालू गाण्यात ट्रम्पेट खाली घेतला, कोटाचं वरचं बटण लावलं आणि मग पुन्हा फुंकला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडवरून आवाज आला, "मास्तर, काल किती मानसं व्हती?"

"दोन."

"हाव, दोन," मामा म्हणाले. कमी आहेत, असं काही म्हणाले नाहीत.