व्हॉल्व्हची डिक्री

राजवर्धन साहेबांनी पत्र तिसऱ्यांदा परत सरकवलं, तेव्हा प्रसेनजीतची नजर पत्रावर नव्हतीच. ती काचेच्या पेपरवेटखाली दबलेल्या रजेच्या अर्जावर होती. शनिवारी हुपरीत संघप्रियाचं, त्याच्या पाठच्या बहिणीचं लग्न. बाप नाही, तेव्हा तिचा हात धरून तिला मंचावर न्यायचं ते भावानंच, हे घरात कधीचं ठरलेलं.

"'रिक्वेस्ट' काय लिहितोस रे? कळंब्याचा व्हॉल्व्ह चार दिवस गळतोय. केरबाला काम सांगतोय आपण, का त्याच्या दारात पदर पसरतोय?"

"मग 'डायरेक्ट' करू, साहेब?"

"मिळमिळीत."

"'इन्स्ट्रक्ट'?"

"ते मास्तरांचं. वाचणारा ताडकन उभा राहील असं क्रियापद आण. आधी पत्र, मग तुझा अर्ज."

पाणी योजनेचं ते ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, साहेब आणि प्रसेनजीत. मराठीत सांगितलेलं लोक ऐकून सोडून देतात, इंग्रजीत लिहिलेलं मात्र पाळतात, अशी साहेबांची श्रद्धा. प्रसेनजीत डिक्शनरी घेऊन बसला. 'ऑर्डर' मागं पडलं, 'कमांड' मागं पडलं. संध्याकाळी तो 'डिक्री'पाशी पोचला. साहेबांनी दोनदा वाचलं आणि डोळे मिटून म्हणाले, "वा!"

सही पत्रावर झाली. अर्ज पेपरवेटखालीच राहिला.

केरबा मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं पत्र चहाच्या गाड्यावर वाचायला दिलं. वाचणारे पेन्शनर गृहस्थ उभं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेले.

"केरबा, डिक्री निघालीया की तुज्यावर! आता जप्ती येनार."

केरबानं चहा अर्धा टाकला, फोन बंद केला आणि घरी जाऊन आतून कडी घातली.

शुक्रवारी सकाळी कळंब्याच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसात आल्या. साहेब मागच्या खोलीत गेले. त्या गेल्यावर बाहेर येऊन गरजले, "लिही! व्हॉल्व्ह दुरुस्त होईस्तोवर ऑफिस एक क्षणही मोकळं राहता कामा नये. जबाबदार माणूस हजर पाहिजे. आणि क्रियापद डिक्रीच्या वरचं!"

प्रसेनजीतनं 'ऑर्डेन' लिहिलं, देवानंच नेमून द्यावं तसलं. एकदा साहेब खूश झाले की रजा मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात. जावक क्रमांक पडला, शिक्का बसला. साहेबांनी अर्ज हातात घेतला, पेन उघडलं आणि थांबले.

"अरे, पण आता जबाबदार माणूस म्हणजे तू नाहीतर मी. आणि मी तर साहेब."

"साहेब, बहीण हाय ओ माझी..."

"मला कळतं रे. पण तूच लिहिलंयस की. काय सुंदर लिहिलंयस!"

शनिवारी सकाळी मीनाबाई, त्याची आई, तांदूळ निवडताना गुणगुणत होती:

*भाऊ गं येईल म्हणून मांडव थांबला,*
*त्याच्या पायाच्या धुळीनं उंबरा रंगला.*

प्रसेनजीतला तिला सांगायचा धीर झाला नाही. लग्नाचा पांढरा सदरा घालून तो ऑफिसातच आला. अकराला दारात गाडी थांबली.

"चल रं!" म्हणत मीनाबाई आत आली आणि साहेबांसमोर उभी राहिली. "आन् तुमी ओ साहेब? बसून काय ऱ्हायलासा? उठा. पोरीचं लगीन हाय, जेवल्याबिगर चालायचं न्हाय."

"अहो, पण..."

"पन न्हाय आन् बिन न्हाय. बसा गाडीत."

साहेब उठले. कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना आठवलं, ऑफिस मोकळं राहतंय. त्यांनी काच खाली केली. प्रसेनजीतचा एक पाय गाडीत होता.

"प्रसेनजीत, ऑर्डेन!"

मीनाबाईनं घड्याळ पाहिलं. साडेबाराचं लग्न. "तू मागनं ये बाबा, बिगी बिगी," ती म्हणाली, आणि गाडी गेली.

तो पायरीवर बसला. डिक्शनरी आत होती, ती बघवेना. मग उठून केरबाच्या घरी, त्याच्या बायकोला, चिमणाबाईला फोन लावला. केरबा जप्तीच्या भीतीनं कडी घालून बसलाय, हे तिच्याकडून कळलं.

"मामी, मामांस्नी म्हणावं जप्तीबिप्ती कायबी न्हाय. जरा येऊन जावा की. च्या ठेवतोय."

पाऊण तासात केरबा आला, चहा प्याला, कळंब्याला जाऊन वायसर बदलला. "एवडंच व्हतं व्हय?" त्याचा फोन आला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागोमाग आईचा. "साहेब लई चांगलं मानूस हाय रं. तू दिसंनास म्हनून त्यांनीच पोरीचा हात धरला बघ."

मांडव थांबला नव्हता.

तीन वाजता साहेबांचा फोटो आला, मंचावर, संघप्रियाशेजारी. खाली मजकूर:

"व्हॉल्व्हचं कळलं. बघितलंस, डिक्रीनं कसं काम केलं? जेवण उत्तम. तुझी आजची रजा मंजूर."