कॅप्टन चौथा आणि हळदीचा डाग

कॅप्टन चौथा सिंगापूरच्या यिशुन भागात, पद्माकरच्या फ्लॅटमध्ये आला तो चादरीत गुंडाळून. सरकारी फ्लॅटमध्ये एवढा मोठा कुत्रा चालत नाही, म्हणून पद्माकरने त्याला बाळासारखा छातीशी धरून लिफ्टमध्ये घेतला. शेजारच्या चिनी आंटीने चादरीबाहेर लोंबणारी शेपटी नीट न्याहाळली आणि गंभीरपणे विचारलं, "इंडियाहून सासू आली का तुझी?"

"फक्त आजच्या रात्रीपुरती," पद्माकर म्हणाला.

हा कुत्रा म्हणजे पद्माकरच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं जितंजागतं बोधचिन्ह. पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घामाघूम झाल्यावर पद्माकर किनाऱ्याला लागला होता आणि पोरांना डिझेल इंजिनं शिकवत होता. कॉलेजात इंजिनांना मान होता, पण कुत्र्याला जास्त होता. प्रिन्सिपॉल मिस्टर लिम यांच्या केबिनबाहेर आजवरच्या कॅप्टनांचे फोटो ओळीने लावलेले होते. कॅप्टन पहिला कॅन्टीनच्या मागे आपणहून आला, हरत आलेल्या मॅचमध्ये गोलच्या तोंडाशी आडवा झोपला आणि त्याच्या अंगावर आपटून चेंडू परत गेला. कॅप्टन दुसरा लाइन्समनला चावला. निर्णय चुकीचाच होता, त्यामुळे त्याचा फोटो सगळ्यांत मोठा. कॅप्टन तिसरा मात्र ऐन फायनलला मैदान ओलांडून लाल जर्सीवाल्यांकडे गेला, त्यांच्या हातचा पाव खाल्ला आणि तिथेच बसला. टीम हरली. त्याचा फोटो भिंतीवर होता, पण भिंतीकडे तोंड करून.

नव्या माणसाला ही भिंत दाखवताना मिस्टर लिम त्या पाठमोऱ्या चौकटीशी थांबत आणि एवढंच म्हणत, "रेड टीम."

आता सन शहाण्णवची फायनल होती, समोर पुन्हा लाल जर्सीवाले होते आणि कुत्रा सांभाळणारा मुथू नेमका भावाच्या लग्नाला मलेशियात इपोला गेला होता. कुत्रा कोणाकडे द्यायचा, यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चहाच्या कपात डोकी घातली. पद्माकरचा कप तेवढ्यात रिकामा झाला होता. त्यातून त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. ते वाढलं नाही तर सिंगापुरात राहायचा पास जाणार, लेकीची, इराची शाळा जाणार आणि स्वारी पुन्हा इंजिनरूममध्ये.

"तू माझ्या कॅप्टनकडे बघ, मी तुझ्या कागदाकडे बघतो," दोरी हातात देत मिस्टर लिम म्हणाले. "पण उद्या पांढराशुभ्र हवा हां. स्पॉटलेस!"

सकाळी पद्माकरने कॅप्टनला इराच्या शाम्पूने आंघोळ घातली. कुत्रा असा चमकायला लागला की पद्माकरला स्वतःच्या गंजीफ्रॉकची लाज वाटली. तेवढ्यात त्याची बायको स्मिता तबक घेऊन आली. तबकात निरांजन, हळदीकुंकवाचा करंडा आणि दहीसाखरेची वाटी.

"हे काय आता?"

"ओवाळते. महत्त्वाच्या कामाला निघालाय तो."

"अगं, तो कुत्रा आहे!"

"तुम्ही इंटरव्ह्यूला निघालात तेव्हा तुम्हालाही ओवाळलं होतं. तेव्हा मी काही विचारलं का?"

कॅप्टनला हळदीकुंकवाचं काही कळलं नाही, पण दही कळलं. त्याने झेप घेतली. स्मिताने निरांजन वरच्या वर वाचवलं. कुंकू सोफ्याखाली गेलं आणि हळद मात्र सगळीच्या सगळी ओल्या कुत्र्यावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत. शेपटी त्याने स्वतःच आनंदाने हलवून सगळीकडे सारखी लावून घेतली.

"बाबा, ओके व्हॉट! यलो इज अवर कलर लाह!" इरा टाळ्या पिटत म्हणाली.

"राहू दे हो तसाच," स्मिता म्हणाली. "किती गोड दिसतोय! मी साडी बदलून येते."

पण पद्माकरच्या डोक्यात 'स्पॉटलेस' बसला होता. शिवाय ज्याने जहाजाच्या इंजिनाचं काळं तेल धुतलंय, त्याने चिमूटभर हळदीपुढे हार मानायची? त्याने कॅप्टनला परत बाथरूममध्ये नेलं, कपड्यांच्या साबणाची वडी घेतली आणि जन्माचं वैर असल्यासारखा घासायला लागला.

पिवळा रंग गेला. खरंच गेला. त्याच्या जागी लाल आला.

पद्माकरला वाटलं, साबण कमी पडला. त्याने आणखी लावला. कुत्रा आणखी लाल झाला. आता त्याच्याकडे पाहून कोणीही शपथेवर सांगितलं असतं की हा त्या टीमचा आहे. बाहेर कॉलेजची व्हॅन हॉर्न वाजवत होती. पद्माकरने पांढरा पंचा काढला, कॅप्टनला नाकापासून शेपटीपर्यंत गुंडाळला आणि सेफ्टी पिना लावल्या.

"हे काय?" साडी नेसून आलेल्या स्मिताने विचारलं.

"सर्दी झालीय त्याला."

"सिंगापुरात? या उकाड्यात?"

"अगं, कुत्र्यांना होते!" पद्माकर म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या आधी व्हॅनमध्ये जाऊन बसला.

फायनलच्या आधी कॅप्टनने मैदानाला एक फेरी मारायची, ही तिथली जुनी रीत. पद्माकर दोरी धरून निघाला. आपल्या पोरांसमोरून पार पडलं. मिस्टर लिमसमोरूनही पार पडलं, फक्त त्यांनी पंच्याकडे पाहून भुवई उचलली. पण लाल जर्सीवाल्यांच्या बाजूला कोणीतरी पाव खात होतं. कॅप्टनने अंग झाडलं. पिना उडाल्या, पंचा गळून पडला, आणि उन्हात उभा राहिला एक लालबुंद कुत्रा.

मग त्या बाजूने असा काही जल्लोष उठला की रेफरीने चुकून शिटी वाजवली.

"कॅप्टन! वेलकम होम लाह!"

मिस्टर लिम मैदानातून चालत आले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग पद्माकरकडे. त्या पाठमोऱ्या फोटोकडे पाहावं तसं. पद्माकरच्या डोळ्यांपुढे कॉन्ट्रॅक्टचा कागद दोन पायांवर चालत बंदराकडे निघाला.

"मिस्टर पद्माकर," ते हळूच म्हणाले, "हाऊ कम?"

उत्तर गर्दीतून पदर खोचत, तरातरा येत होतं.

"अहो! हळदीला साबण लावलात?"

"मला काय माहीत, लाल होतो म्हणून!"

"माझ्या साडीवर वरण सांडलं की मी काय ओरडते, ते कधी ऐकलंत का? इरा, पळ! सरबतवाल्याकडून लिंबं आण. चिरूनच आण!"

इरा गेली आणि ओंजळभर लिंबं घेऊन आली. स्मिताने कॅप्टनला मांडीशी धरलं आणि अर्धं लिंबू त्याच्या पाठीवरून फिरवलं. जिथे लिंबू गेलं, तिथे लाल रंग विरला आणि पिवळाधमक उमटला. दुसरं लिंबू. तिसरं. मानेवरून, पोटावरून, शेपटीवरून. सगळ्या मैदानाच्या डोळ्यांदेखत लाल टीमचा कुत्रा पिवळ्या टीमचा झाला. लाल जर्सीवाल्याचा पाव हातात तसाच राहिला. पिवळी पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली.

"मिसेस पद्माकर," मिस्टर लिमनी लिंबाकडे बोट दाखवलं, "हे काय आहे?"

पद्माकरने रसायनशास्त्र सांगायला तोंड उघडलं. स्मिताने त्याच्या पायावर पाय दिला.

"आमच्याकडची पद्धत आहे," ती म्हणाली. "गेलेल्याला परत आणायची."

मॅच पिवळी टीम तीन गोलांनी हरली, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सोमवारी मिस्टर लिमनी स्टूल मागवलं, स्वतः वर चढले आणि कॅप्टन तिसऱ्याचा फोटो सरळ केला. एक गेला होता, एक परत आला. त्यांच्या लेखी खातं मिटलं. शेजारी चौथ्याचा फोटो लागला, पिवळाधमक. खुद्द चौथा मात्र कॉरिडॉरमध्ये पद्माकर दिसला की बाकाखाली शिरायला लागला.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. पद्माकरने घरी येऊन कागद स्मितापुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं की यापुढे दर फायनलला कॅप्टन आधी लाल होईल आणि मग सर्वांसमक्ष पिवळा. सोहळ्याच्या प्रमुख मिसेस पद्माकर.

"आणि मी?" पद्माकरने खांद्यावरून डोकावत विचारलं.

"तुम्ही आहात ना खाली, सहायक म्हणून," स्मिता म्हणाली आणि कपड्यांच्या साबणाची ती वडी रुमालात बांधून कपाटात ठेवली. "साबण लावायला."