खुर्ची रिकामी ठेवू नये

मास्तरांनी दोन खुर्च्या वाळूत रोवल्या, एकीवर स्वतः बसले आणि दुसरीवर कुणाला बसू देईनात.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. उभा जन्म मशीनवर गेलेला. या घडीच्या खुर्च्यांचं जाड कापडही त्यांनीच शिवलेलं, त्यातली निळी बायकोच्या मापाची. "दुकानातलं काम जरा हलकं झालं की समुद्र बघायला जाऊ," असं ते तिला सांगत, आणि काम काही हलकं होत नव्हतं. लोकांचे कपडे वेळेवर गेले, समुद्र तेवढा राहून गेला. गेल्या हिवाळ्यात तीच राहिली नाही. तेव्हा लेकीनं बापाला धरून या गावी आणलं, आणि बापानं दोन्ही खुर्च्या आणल्या.

"बाबा, मी बसू का निळीवर?"

"ती आईची आहे."

"मग मी कुठं बसू?"

"एवढी वाळू पडलीय की!"

लेक जरा वेळ वाळूत टेकली. चहा आणते म्हणून उठली. जाता जाता म्हणाली, "टोपी घाला." मास्तरांनी घातली नाही. टोपीवरून ओरडायचं काम बायकोचं होतं.

किनाऱ्यावर शिरतानाच मोठी पाटी होती. काचेची बाटली आणू नये. कुत्रा मोकळा सोडू नये. लाल झेंडा असताना पाण्यात पाय घालू नये. रिकामी खुर्ची ठेवून जागा अडवू नये, उचलून नेली जाईल. मास्तरांनी सगळं वाचलं होतं. पण पाटी नेहमी शेजाऱ्यासाठी लावलेली असते, अशी माणसाची भाबडी समजूत असते.

थोड्या वेळानं गळ्यात शिट्टी अडकवलेला रखवालदार आला.

"आजोबा, ही खुर्ची कुणाची?"

"बायकोची."

"आणि त्या कुठायत?"

आता बघा, इथं एका वाक्यात काम भागलं असतं. पण ते वाक्य मास्तरांनी आजवर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. नातेवाइकांना फोन लेकीनं केले होते. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "वहिनी दिसत नाहीत?" तेव्हा मास्तर तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायचे. आत्ता तोंडात टाचण्या नव्हत्या.

"येईल इतक्यात," ते म्हणाले. "पाय भिजवायला गेलीय."

शिट्टीवाल्यानं वर पाहिलं. झेंडा लालभडक फडफडत होता. त्यानं समुद्राकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाण्यात? एकट्या?"

खोटं कधी एकटं येत नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन येतं. शिट्टी वाजली, ती ऐकून दुसरी वाजली. चौकीवरचा कर्णा खरखरला आणि बोलू लागला, "निळ्या खुर्चीच्या आजी, जिथं असाल तिथून परत या. आजोबा वाट बघतायत."

मास्तरांनी मान वर करून ऐकलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"वर्णन सांगा लवकर!" शिट्टीवाला म्हणाला.

"बाही अकरा, मुंढा साडेपंधरा, डावा खांदा जरा उतरता."

"अहो, ब्लाउज नाही शिवायचा, बाई शोधायचीय!"

"खांदा सहज दिसायचा नाही तुम्हाला. मी आतून कापडाची घडी देतो तिथं. लोकांना कळू नये म्हणून."

तोवर होडी पाण्यात ढकलली गेली होती. दोघं पोहणारे कमरेला दोर बांधून निघाले. सुट्टीवर आलेली माणसं हात धरून पाण्याच्या कडेला साखळी करून उभी राहिली. एक मिशीवाले गृहस्थ पोरांकडून गळ्यापर्यंत वाळूत पुरून घेऊन निवांत पडले होते. त्यांनाही उकरून रांगेत उभं केलं.

"अहो, राहू द्या," मास्तर काकुळतीला आले. "कशाला एवढा त्रास?"

"धीर सोडू नका, आजोबा!" म्हणत एका बाईनं त्यांना वारा घातला. दुसरीनं डोक्यावर पाणी ओतलं. मास्तर जितकं "राहू द्या" म्हणत, तितकी माणसं जोमानं शोधत.

तेवढ्यात लेक चहाचे दोन कप घेऊन आली. "बाबा! काय झालं? कोण बुडालं?"

"ताई, बाजूला व्हा," शिट्टीवाला म्हणाला. "यांच्या मंडळी पाण्यात गेल्यात."

लेकीनं बापाकडे पाहिलं. मग समुद्राकडे, त्या हात धरून उभ्या असलेल्या अनोळखी माणसांकडे. आजवर ते वाक्य प्रत्येक वेळी तीच बोलली होती. ती हळूच वाळूत बसली.

"तुम्हीच सांगा, बाबा."

मास्तर उठले. तोंडातल्या टाचण्या काढाव्यात तसा ओठांवरून हात फिरवला. मग बोलले.

"ती नाहीये. वारली. गेल्या हिवाळ्यात. समुद्र दाखवतो म्हणालो होतो... नाही दाखवला."

साखळीतले हात एकेक करून सुटले. आता शिव्या पडणार म्हणून मास्तर मान खाली घालून उभे राहिले. मिशीवाल्या गृहस्थांनी मिशीतली वाळू झटकली. "म्हणजे मी उगाच बाहेर आलो," ते पुटपुटले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच डोळे पुसू लागलं.

त्याच वेळी पोहणाऱ्यांपैकी एक धापा टाकत वर आला. त्याच्या कानावर अजून काहीच नव्हतं. तो मास्तरांपुढे निथळत उभा राहिला.

"खूप शोधलं हो, आजोबा. नाही सापडल्या."

मास्तरांनी त्याचे गार पडलेले हात हातात घेतले. "मलाही नाही रे, बाळा."

गर्दी पांगली. शिट्टीवाला मात्र पायानं वाळू उकरत तिथंच घोटाळत होता.

"आजोबा, वाईट वाटतं, पण... रिकामी खुर्ची ठेवता येत नाही. साहेब मला बोलतील."

मास्तरांनी निळ्या खुर्चीकडे पाहिलं. मग वाळूत बसलेल्या लेकीकडे.

"बस."

"आईची आहे ना?"

"म्हणून तर म्हणतोय."

लेक बसली. बसताना डावीकडे किंचित कलली. मास्तरांची नजर शिंप्याची, लगेच कळलं. खांदा तोच. इतकी वर्षं तिचेही कपडे शिवले, आतून घडी दिली, आणि तो खांदा आईचा, हे आजवर ध्यानात आलं नव्हतं.

शिट्टीवाला खुर्ची भरलेली पाहून सलाम करून गेला. चहा गार झाला होता, तो दोघांनी तसाच घेतला. समोर समुद्र होता.

"ऊन बघा केवढं आहे! टोपी कुठंय?"

"घालतो गं," मास्तर समुद्रावरून नजर न काढता म्हणाले आणि त्यांनी खिशातून टोपी काढली.

ते कुणाला म्हणाले, हे लेकीनं विचारलं नाही.