मैनेने पास केलेली खोली

बेलपाड्यात जगन घरतच्या दारात गच्चीच्याही वर जाणारा मांडव पडला, तेव्हा गावाने एकच अर्थ काढला: जगनच्या पोराची, निकेशची हळद आली! खरं कारण जगनला, त्याच्या बायकोला जनीला आणि मांडवाआड विटा रचणाऱ्या गवंड्यालाच ठाऊक.

निकेशला कळंबोलीची समीक्षा पसंत होती. तिच्या घरच्यांची अट एकच, पोरांना वेगळी खोली हवी. जगनने गच्चीवर खोली काढायला घेतली. पण परवानगी म्हटलं की तो हात झटकायचा.

"नकाशा काढा, पालिकेत खेपा घाला! तवर पोरगी दुसऱ्याच्या घरी नांदाला जाईल," तो जनीला म्हणाला. "हलदीच्या मांडवात भिंत कोन बघतंय?"

थापीचा आवाज लपवायला त्याने स्पीकरवर हळदीची गाणी लावली. इतकी मोठ्याने, की खाडीतले खेकडे म्हणे आडवं चालायचं सोडून वरातीसारखे सरळ चालू लागले.

आता मांडव पडला, गाणी वाजली, मग सोनाबाई घरात बसेल होय? गावातल्या प्रत्येक लग्नातली गाणी, धवले, तिच्याच गळ्यातून निघायचे.

"जगन, मना आवतान नाय? बरं, ऱ्हाऊंदे. नवरीचा नाव सांग, धवल्यात घालाला पायजे."

बोलणी पक्की नसताना समीक्षाचं नाव घेणं म्हणजे पोरीची गावभर चर्चा. जगनची नजर भिरभिरत अंगणातल्या शेळीवर पडली.

"मैना!" तो बोलून गेला.

सोनाबाईने तिथेच सूर लावला. संध्याकाळपर्यंत निकेशच्या मैनेची कीर्ती खारघरचे टॉवर ओलांडून कळंबोलीला पोचली.

सकाळी दारात स्कूटर थांबली. समीक्षा! आणि नेमके त्याच वेळी पालिकेचे दिनानाथ साहेब. ते बिचारे रस्त्यावर आलेल्या मांडवाची परवानगी तेवढी विचारायला आले होते.

"मामा, ही मैना कोण?" समीक्षाने हेल्मेटही काढलं नाही. "मला हो म्हणायचं आणि मांडव दुसरीसाठी?"

"लग्नाचाच मांडव ना हा?" साहेबांनी विचारलं.

जगनने एकदा समीक्षाकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. हो म्हणावं तर सून जाते, नाही म्हणावं तर खोली जाते. जनीने त्याला कोपराने ढोसलं.

"बोला की! त्या खोलीत काय शेलीला नांदवनार?"

"साहेब, लगीन नाय," जगनने हात जोडले. "मैना आमची शेली हाय. मांडवाच्या आड खोली चाललीय, बिनपरवानगीची. तोडा हवं तर. पर या पोरीचा गैरसमज नको."

"शेळी?" समीक्षाने हेल्मेट काढलं. "कुठाय?"

मैना गच्चीवर होती. मांडवाची झालर खात खात ती वर पोचली होती आणि उघड्या पडलेल्या नव्या भिंतीला पाठ घासत होती. चार इंची भिंत, ना पिलर ना आधार. मैनेने पुन्हा एकदा पाठ घासली आणि अख्खी भिंत आत कोसळली. जिथे निकेशचा पलंग यायचा होता, बरोब्बर तिथे. धुळीतून मैना बाहेर आली, तोंडात झालर तशीच.

"जगनशेठ, म्हणून नकाशा मागतो हो आम्ही," साहेब हळूच म्हणाले. "मी नुसती नोटीस दिली असती. हिने तर काम करून दाखवलं."

जगनला त्या पलंगावर झोपलेले निकेश आणि समीक्षा दिसले. तो गच्चीवर धावला आणि त्याने शेळीचे पाय धरले. चारही.

समीक्षाला हसू आवरेना. "मामा, मी आर्किटेक्टकडेच नोकरीला आहे. एकदा विचारायचं तरी! आमच्या ऑफिसातून नकाशा करून घेऊ. पण परवानगी आल्याशिवाय वीट लावायची नाही. तोवर मीही यायची नाही."

"आनि तुज्या घरच्यांची अट?"

"ती त्यांची. ही माझी."

यथावकाश परवानगी आली, पिलर उभे राहिले, खोली झाली आणि दारात मांडव पडला, तोही रीतसर. पहिली हळद देवाला लागली. दुसरी निकेशला लावायला जनी उठली, तर जगन वाटी घेऊन शेळीकडे! सोनाबाईनेही धवल्यातून मैनेचं नाव काढायला साफ नकार दिला होता.

हळद लावलेल्या मैनेला घेऊन जगन गच्चीवर निघाला. पाहुण्यांत दिनानाथ साहेब होते.

"आता आणि कुठे?" त्यांनी विचारलं.

"तुमची सई झाली साहेब. आता हिची होऊंदे."

मैनेने नव्या भिंतीला पाठ घासली. एकदा, दोनदा, चांगली रेलून. भिंत ढिम्म.

जगनने कठड्यावरून हात हलवला. "वाजवा रं!"