चौदावी पुडी

माणसाची प्रगती यंत्राने होते, आणि यंत्राची प्रगती माणसाने त्यात बोट न घातल्याने. यातले पहिले अर्धे सत्य निर्मळ गावच्या फेबियनला तोंडपाठ होते. म्हणून १९५२ साली त्याने बैल विकला, रहाट मोडून त्याच्या लाकडाचा गोठ्याला (आता रिकाम्या) नवा दरवाजा केला आणि विहिरीवर रॉकेलचे इंजिन बसवले.

इंजिनाच्या डोक्यावर एक पितळी भांडे होते. त्याला छोटा नळ, आणि वर इंग्रजीत 'पाणी' असे कोरलेले. फेबियन इंग्रजी चौथी शिकलेला, म्हणजे वाडीतला सर्वोच्च तांत्रिक अधिकारी. त्याने तर्क केला की कंपनी विलायतेची, म्हणजे आपल्याच धर्माची; चर्चच्या दारात पवित्र पाण्याचे भांडे असते, तसेच हे. त्याने ईस्टरचे पवित्र पाणी त्यात भरले, नळ घट्ट बंद केला, आणि भांड्यात बोट बुडवून कपाळाला लावल्याखेरीज इंजिनाला कोणी शिवायचे नाही असा नियम जारी केला.

इंजिन पाव तास चाले, तापे, पोटात हातोडा घेऊन बसल्यागत ठकठके आणि बंद पडे. मे महिना होता. राजेळी केळीच्या सहाशे झाडांनी माना टाकल्या. शेजारचा प्लासिड रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सगळ्यांदेखत म्हणाला, "माजा रहाट कवा ठकठकत नाय. बैल पायजे तर सांग." हे फेबियनच्या जिव्हारी लागले.

दोष रॉकेलातच आहे, असे एकमताने (सभासद एक) ठरले. रोज सकाळी रॉकेलात एक पुडी पडू लागली. वहीत नोंदी झाल्या. पुडी तिसरी, कापूर: धूर सुवासिक, ठकठक कायम. पुडी सातवी, मिरपूड: मालक शिंकला, इंजिन नाही. पुडी अकरावी, नवसागर: ठकठक वाढली, मालकाची अक्कल आहे तेवढीच. तेरा पुड्यांत यश शून्य टक्के.

मग चौदावी पुडी पडली. आज पाणी शेवटच्या ओळीला पोचले नाही, तर उद्या प्लासिडच्या दारात उभे राहायचे होते. पाव तास झाला. अर्धा झाला. ठकठक नाही! दुपारी शेवटचे झाड भिजले आणि फेबियन तिथेच बसून चक्क रडला.

बायको जुलियाना पेज घेऊन आली. "अवो, त्या भांड्यातल्या पान्यात अळ्या झालेल्या. पवित्र पानी पायदळी कसं ओतायचं? म्हून सकाळीच नळ सोडला. म्हटलं, जाऊ दे इंजिनाच्याच पोटात."

फेबियनने नळ बंद केला. ठकठक. उघडला. शांत. तीनदा करून पाहिले. मग वहीत लिहिले: 'रॉकेल निर्दोष. इंजिन निर्दोष. उरला एकच.'

चौदाव्या पुडीची बातमी ऐकून संध्याकाळी आसपासचे, तशाच ठकठकीने गांजलेले बावीस इंजिनवाले दारात जमले. फेबियनने लाज गिळून सगळे कबूल केले: भांडे पाण्यासाठीच आहे, साधे विहिरीचे पाणी भरा, नळ थोडा सोडा, आत थेंब थेंब जाऊ द्या, इंजिन ठकठकणार नाही. दोनदा सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्लासिड, ज्याच्याकडे इंजिनच नव्हते, जवळ सरकून म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे रे. चवदाव्या पुडीत काय व्हतं, ते सांग."

प्लासिडला हसू नका. भांडे सांगून झाले, पाणी सांगून झाले, नळही सांगून झाला. तरी तुम्हीही मघापासून त्या पुडीचीच वाट बघत आहात.