यानबाईंच्या खुर्चीची मोहीम

वडीलधाऱ्यांस दंडवत घालून मजकूर खराच लिहितो. तिखटमीठ लागले असेल तर ते जेवणाचे. चीन देशी शाओशिंगकडील एका तालुक्यात पंग शुलिन म्हणोन थोर विद्वान जाहले. बाळपणी नदीकाठचे शाळेत यानबाईंपाशी अक्षरे गिरविली, मग स्वतः मास्तर जाहले, मग प्राचार्य, आणि प्राचीन यमकांवर तीन जाडजूड खंड लिहिले, ते त्यांचे कुटुंबाने लोणच्याचे रांजणावर दाबास ठेविले. मग सरकारची मर्जी होऊन तालुक्याचे शिक्षणखाते हाती आले. ऐसे मातबर, परंतु उरी एक शल्य होते.

यानबाई चाळीस वर्षे शिकवून हंगामीच राहिल्या, कायम नोकरांचे यादीत नाव चढले नाही. त्या मुलुखी गोल मेजावर दरवाजासमोरची खुर्ची म्हणजे तख्त, आणि दरवाजाकडे पाठ असलेली सर्वांत हलकी. प्रत्येक मेजवानीस बाई मुकाट्याने हलकीवर बसत. आता त्यांस एक्याऐंशी वर्षे जाहली, आणि दुसरे दिवशी त्या लेकीकडे दूर उत्तरेस हार्बिनास कायमच्या जाणार. सबब पंगसाहेबांनी शपथ वाहिली की, आज बाई मानाचे जागी बसल्याविना अन्नास शिवणे नाही.

शिक्षकदिनी दोनप्रहरी खाणावळीत अकरा असामी जमले, आणि साहेब फौजेची रचना करितात तोच बाईंनी हलकी खुर्ची काबीज करोन, पिशवी मांडीवर घेऊन ठाण मांडिले. मग साहेब उजवे दंडास आणि मुख्याध्यापक लुओ डावे दंडास लागोन घनघोर ओढाताण जाहली.

"बाई, उठा ना! तुमची जागा तिकडे."

"मेल्या, दंड सोड माझा. मी हंगामी, मला इथंच बरं. साहेब तू आहेस, तू बस तिकडे."

"तुम्ही बसल्याशिवाय मी नाही बसणार."

"मग राहा उभा. शाळेत तरी कुठे एका जागी बसायचास!"

तख्त रिकामे, तोवर इतरांनी बसावे कैसे? म्हणोन दहा मातबर मेजाभोवती तिष्ठत राहिले आणि वाफाळता मासा निवू लागला. मग खुर्चीसुद्धा बाईंस उचलून नेण्याची मसलत ठरली, आणि चौघांनी खुर्ची चार बोटे उचललीही, परंतु बाईंनी मेजावरील चादर घट्ट धरिली, तेणेकरून सिरक्याच्या दोन बाटल्या कोसळल्या आणि फौज नाक दाबून माघारी फिरली. साहेब भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले. खरेच आले, मी जवळ होतो.

ऐसियात त्यांची नजर समोर गेली. तख्ताचे बरोबर मागे मुदपाकखान्याचे दार होते. मग फर्मान सुटले की, पुढला दरवाजा कडी घालून बंद करावा, आडवे कपाट लावावे, आणि मुदपाकखान्याचे दार तोच आजपासून सदर दरवाजा मानावा.

मालकीण बाओमावशी कपाळास हात लावून म्हणाली, "साहेब, गिऱ्हाइकं काय माझ्या चुलीवरून येणार?"

"येऊ द्या मावशी. येता येता भाजी निवडतील!"

कडी पडली आणि दिशा फिरल्या. बाई तसूभर हलल्या नाहीत, तरी दरवाजा त्यांचे समोर आला आणि हलकी खुर्ची तख्त जाहली. लुओ यांनी मेजावरील फिरती काच फिरवून, रिवाजाप्रमाणे, माशाचे तोंड बाईंकडे केले. बाई त्या दाराकडे पाहत राहिल्या, मग चष्मा काढून पुसू लागल्या.

"भूगोलात नापास व्हायचास ना रे तू?"

"दोनदा, बाई."

"बस आता. पास केलं तुला."

मग बाईंनी जेवणाच्या काड्या उचलल्या, आणि सर्वांस जेवणाची मुभा जाहली. साहेब जुन्या तख्तावर बसले. ते आता सर्वांत हलके, पाठीशी चूल. प्रत्येक पदार्थ त्यांचे खांद्यावरून आला, आणि कमळकाकडीचे कढत सूप मानेवरून सदऱ्यात उतरले, तरी हा वीर हलला नाही, उलट हसत होता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कामी आले: सिरक्याच्या बाटल्या दोन, सदरा एक. हजर असामींची यादी साहेबांनी स्वहस्ते लिहोन आपले शिक्क्यानिशी दफ्तरी ठेविली. त्यात पहिले नाव यानबाई, आणि नावापुढे शेरा: कायम.