चार वादक, चार सोबती

बायकांनी सुरक्षितपणे बँड कसा काढावा, हा विषय कुणी माझ्यापुढे काढला की मी त्याला खुर्ची देते, पाणी देते आणि मग दोन तास उठू देत नाही. या विषयात अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्याइतका अधिकार कुणाचा नाही! १९९९ साली मी यावर नऊ नियम केले होते. टाईप करून, झेरॉक्स काढून वाटले होते. एकही नियम मोडला नाही, असं छातीठोकपणे सांगितलं असतं, पण एक मोडला, तो मीच मोडला. एकाही बाईला साधं खरचटलं नाही. बँड तेवढा राहिला नाही.

मी संघप्रिया. दिवसा सरकारी कचेरीत टायपिस्ट, संध्याकाळी कीबोर्ड. त्याआधी चार वर्षं मी बाळासोच्या ऑर्केस्ट्रात होते. बाळासो म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, निवेदक आणि स्वतःच्या मते हिरो. त्याने मला घेतलं कीबोर्डसाठी आणि स्टेजवर उभं केलं हातात खंजिरी देऊन, चमकीच्या साडीत, पुढच्या रांगेला नीट दिसेन अशी. कीबोर्ड त्याचा मेहुणा वाजवायचा, एका बोटाने. कार्यक्रम संपला की गाडी सगळ्यांना घरी सोडायची. माझं घर सगळ्यात आधी लागायचं, पण मला सोडायची सगळ्यात शेवटी, आणि तोवर बाळासो सरकत सरकत माझ्या शेजारी आलेला असायचा. त्या गाडीत मी काय काय सोसलं ते इथे लिहीत नाही, कारण ही विनोदी कथा आहे. एक दिवस खंजिरी त्याच्या गुडघ्यावर हाणली, गाडी थांबवायला लावली आणि चालत घरी आले.

तेव्हाच ठरवलं. आपला बँड काढायचा, सगळ्या बायकांचा. मला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर कीबोर्ड वाजवायचा होता. दहा बोटांनी. यापलीकडे माझी देवाकडे किंवा माणसांकडे काही मागणी नव्हती.

पण बायका आणायच्या कुठून? पेपरात जाहिरात दिली. नियम पहिला: नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. उत्तरं पेपरच्या कचेरीत, पेटी क्रमांकावर. आठ दिवसांत त्रेपन्न पत्रं आली. मी पिशवी घेऊन गेले. त्रेपन्नांतली पन्नास पुरुषांची. अकरा जणांना मॅनेजर व्हायचं होतं. सात जणांनी लग्नाची मागणी घातली होती, त्यातल्या एकाने पत्रिकाच जोडली होती. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी कळवलं होतं, 'मला वाजवता येत नाही, पण महिला बँड म्हटल्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी लागेलच. मागावर रात्रपाळी असते, दिवसा मोकळा असतो.' उरलेली तीन पत्रं बायकांची होती. ती मी उशीखाली ठेवून झोपले.

नियम दुसरा: पहिली भेट दिवसाढवळ्या, गर्दीच्या जागी. नियम तिसरा: प्रत्येकीने येताना घरचं माणूस सोबत आणायचं. हा तिसरा माझ्या थोरल्या भावाने सुचवला. "एकटी जायचं न्हाई," संघर्षदादा म्हणाला, "मी येतो की." बाळासोचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दादा आज बाहेर नसता. त्यामुळे तो येतो म्हणाला तेव्हा मला भरूनच आलं.

टाउन हॉलच्या बागेत अवंतिका भेटली. नुकतंच कॉलेज संपलेलं, गिटार वाजवणारी. सोबत तिचे वडील वसंतराव, बँकेतून निवृत्त झालेले. ते आणि दादा समोरासमोर बसले. आम्ही दोघी टोकाला.

"घरी कोण कोण असतं?" वसंतरावांनी दादाला विचारलं.

"आई, मी आन ही."

"शिक्षण?"

"बी.कॉम. टायपिंगची परीक्षा पास."

"स्वभाव?"

"जरा तापट हाय. पण मनानं चांगली हाय."

शेजारच्या बाकावर एक म्हातारी मघापासून कान देऊन बसली होती. तिला राहवेना. "पावणं," ती दादाला म्हणाली, "समदं बोलणं झालं, पण नवरामुलगा कुठं हाय?"

त्या तासाभरात मी आणि अवंतिका एकमेकींशी अवाक्षर बोललो नव्हतो. भेळ मात्र दोन दोन प्लेट खाल्ली. तिला गिटार बऱ्यापैकी येते, हे मला घरी परतताना दादाकडून कळलं.

दुसरी शिवानी. गाणारी, आणि स्वतः गाणी जुळवणारी. सोबत नवरा मोहित. लग्नाला आठ महिने झाले होते, त्यामुळे तो तशीही सोबत सोडत नव्हता. तिसरी आक्काताई, वय पंचावन्न. तिचा नवरा लग्नाच्या बँडचा मास्तर होता, तो वारला. बँडची माणसं घरी तालमीला बसली की ड्रमवर आक्काताई ताल धरून द्यायची; बाहेर मात्र तिने कधी काठी धरली नव्हती. तिचा धाकटा दीर आकाराम म्हणाला, "वैनी, वाजवा. पर मी संगट येनार. आमच्या घराण्याचं नाव हाय."

तालीम आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात, दर रविवारी दुपारी. चार बायका, चार सोबती. पहिल्या दिवशी वसंतरावांनी चहाचा थर्मास घरून आणला. "मला साखर चालत नाही हो," ते चहा घेऊन आलेल्या माझ्या आईला म्हणाले. आम्हाला ते नवीन नव्हतं. चौथ्या रविवारी थर्मास घरीच राहिला आणि त्यांनी आईच्या हातचा, चांगला गोड चहा दोनदा मागून घेतला. बँडचं एवढं एक यश मी आजही सांगते.

पण चहाच नडला. आठ माणसांचा चहा दर रविवारी एकट्या आईने किती करायचा? सोबती तर पाहुणे. मग दोन तासांच्या तालमीत पाऊण तास आम्ही स्टोव्हपाशी. आत सोबती मोकळे, आणि वाद्यंही मोकळी. मोकळा माणूस काय करणार? वसंतरावांनी आधी गिटार नुसती पुसली, मग मांडीवर घेतली, मग "ही तार जरा सैल वाटते" म्हणाले. दादा जयंतीला ढोलकी वाजवायचा; त्याने माझ्या कीबोर्डात तबल्याचा आवाज शोधून काढला आणि त्याला जग सापडलं. मोहित माईकपुढे "हॅलो, चेक, चेक" करायचा. तेवढंच, पण फार मन लावून करायचा.

डिसेंबरपर्यंत अशी वेळ आली की आम्ही कपबशा विसळून आत यायचो आणि दारात थांबायचो, कारण त्यांचं गाणं मध्यावर असायचं. अर्ध्यात कसं थांबवायचं? सोबतीला आलेली माणसं. उद्या येत नाही म्हणाली तर बँडच बंद.

"आकाराम भावजी समेवर कधीच येत न्हाई," आक्काताई एकदा कप पुसत म्हणाली. "जल्मात आला न्हाई." आणि तिने भिंतीवर बोटांनी समेची जागा वाजवून दाखवली. आम्हाला सराव मिळायचा तो एवढा.

तरी आम्ही एक गाणं बसवलं. शिवानीने जुळवलेलं. 'निघाले मी निघाले, कुणा न विचारता.' चहा उकळेपर्यंत त्याची चाल पक्की केली. आणि फेब्रुवारीत आमंत्रण आलं! बिद्रीच्या पुढे एका गावात आठ मार्चचा महिला मेळावा. मंडळाच्या अध्यक्षा चिमणाबाई स्वतः समाजमंदिरात आल्या. "आमच्या बायकास्नी बायकाच वाजिवताना बघायच्यात," त्या म्हणाल्या. "एकदा बघूं देत. मग घरात काय व्हायचं ते होऊं दे." मी त्या रात्री रडले, आणि ते दुःखाने नव्हतं. तसं रडणं ते शेवटचं.

आता माझे नियम ऐका. नियम सहावा: सोबतीशिवाय कुणीही प्रवास करायचा नाही. नियम सातवा: कार्यक्रमाची जागा सोबत्यांनी आधी जाऊन तपासायची. स्टेज, कपडे बदलायची खोली, संडासाची कडी, सगळं. दोन्ही नियम मी वेगवेगळ्या दिवशी टाईप केले होते. एकाखाली एक ठेवून वाचायचं मला सुचलं नाही.

आठ मार्चला सकाळी पिराजीची वडापची, म्हणजे वाटेत माणसं भरत नेणारी, जीप दारात आली. वसंतरावांच्या हातात माझा झेरॉक्स. "नियम सातवा," ते म्हणाले. "आम्ही चौघे वाद्यं घेऊन पुढे जातो, जागा बघतो आणि जीप तुमच्यासाठी परत पाठवतो. आकाराम परत येतील सोबतीला."

"बराबर हाय," दादा म्हणाला. "तुमी निवांत आवरा."

जीप दहाला गेली. कार्यक्रम दोनचा. बारा वाजले, साडेबारा वाजले. आम्ही नटून, गजरे माळून समाजमंदिराच्या पायरीवर बसलेल्या. नंतर कळलं की पिराजी परत निघाला खरा, पण वडापवाला रिकामी जीप आणेल कशी? त्याला वाटेत राधानगरीची नऊ माणसं मिळाली. त्याने आकारामला उतरवलं आणि तो राधानगरीला गेला. आकाराम चालत परत मेळाव्याला.

एक वाजता मी एसटीडी बूथवरून त्या गावच्या शाळेत फोन लावला. शाळेच्याच मैदानात मेळावा होता. शिपायाने उचलला.

"कोल्हापूरच्या बँडवाल्यांना बोलवता का जरा?"

"त्ये न्हाई यायचं, ताई. वाजवाय लागल्यात."

"काय वाजवायला लागलेत?"

"बँड की. बायका सकाळधरनं बसल्यात. पावण्या बाईस्नी चारला जायाचं हाय, म्हून लवकरच चालू केलं. लई भारी वाजीवत्यात!"

मी फोन ठेवला आणि तिघींना सांगितलं. गाडीभाडं काढून मी स्टँडकडे चालायला लागले तेव्हा अवंतिका म्हणाली, "पण सोबत?"

"नियम तू केलास," आक्काताई मला म्हणाली, "तूच मोड. चल."

गारगोटीची एसटी मिळाली. हंगामाचे दिवस, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. चार बायका, सोबत कुणी नाही. कंडक्टरने तिकिटं विचारली, दुसरं काही विचारलं नाही. अर्ध्या वाटेत आक्काताईने समोरच्या सीटच्या दांडीवर ताल धरला आणि शिवानी हळूच गायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "मोठ्यानं म्हना की." तेवढ्यात पुढची ट्रॉली कलंडली आणि गाडीच थांबली. सगळी माणसं ऊस बघायला खाली उतरली. गाणं राहिलंच.

पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. मैदानभर बायका. शेतातली कामं टाकून आलेल्या, ट्रॅक्टरमध्ये बसून आलेल्या, पोरं मांडीवर घेतलेल्या. स्टेजवर कापडी फलक: 'महिला बँड, कोल्हापूर'. त्याच्याखाली चौघे पुरुष. माझ्या कीबोर्डवर दादा. अवंतिकाच्या गिटारवर वसंतराव, डोळे मिटून. आक्काताईच्या ड्रमवर आकाराम, समेच्या शोधात. आणि माईक हातात धरून मोहित गात होता, अगदी पोटातून: 'निघाले मी निघाले, कुणा न विचारता'. बायका हसून हसून लोटपोट होत होत्या. असा कार्यक्रम त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

शिवानीने तोंडाला पदर लावला. ती हसत नव्हती.

आम्ही गर्दीतून वाट काढत पुढे जाईपर्यंत गाणं संपलं. पाहुण्या बाई गाडीत बसल्या. मंडपवाल्याने वायर गुंडाळायला घेतल्या. त्याला पुढे एका लग्नाला जायचं होतं. कीबोर्डची वायर त्याने माझ्यासमोर काढली. मी चिमणाबाईंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या. "लई वाट बघिटली गं," त्या म्हणाल्या. "बायका उठाय लागल्या, मग काय करू? ह्यांनी म्हटलं, आमी अब्रू राखतो."

दादाने मला बघितलं आणि कीबोर्डवरून हात असे उचलले की जणू तो गरम तवा होता. "संघप्रिया, तुमच्यासाठीच केलं गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला ओरडतासुद्धा येईना. वसंतरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मंडपवाल्याच्या हातून त्यांनी माईक परत घेतला.

"भगिनींनो, जाण्याआधी एक आनंदाची गोष्ट," ते म्हणाले. "आमच्या चारही मुली आत्ताच इथे सुखरूप पोचल्या आहेत. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

उठलेल्या बायका थांबल्या. वळल्या. आणि मैदानभर टाळ्यांचा पाऊस पडला. माझ्या चार वर्षांच्या खंजिरीला मिळून एवढ्या टाळ्या पडल्या नसतील.

"कशापायी वाजवाय लागल्यात गं?" आक्काताईने विचारलं.

"आपण पोचलो म्हणून."

तिने समोरच्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. "मग वाक की," ती म्हणाली. "एवढ्या बायका परत कवा गावनार?"

आम्ही चौघी ओळीने उभ्या राहिलो, हात जोडले आणि एकदम वाकलो. खरं सांगते, अगदी समेवर.